बॅटरी बदलण्याआधी मीटर तपासा

पालघर-बोईसर रस्त्यावर, मनोरला हायवेलगत आणि तारापूर एमआयडीसीच्या आसपास ऑटो इलेक्ट्रिक आणि 'सेल्फ-डायनामो'ची जी दुकाने आहेत, त्यांत आपले अनेक बांधव आहेत. यांतील जुन्या दुकानांत भिंतीला टांगलेला किंवा लाकडी पेटीत ठेवलेला काट्याचा एखादा मीटर बहुधा सापडतोच. अँबेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात सीबी पॉइंट सेट करण्यासाठी तो घेतलेला असतो. त्यावर ड्वेल, आरपीएम आणि व्होल्ट अशा तीन पट्ट्या असतात, चार-सहा सिलिंडरचा एक खटका असतो आणि दोन लांब वायरींना दातेरी क्लिपा असतात. पॉइंटवाल्या गाड्या गेल्या, ड्वेलची पट्टी निरुपयोगी झाली. व्होल्टची पट्टी मात्र अजून रोज वापरात आहे. बॅटरी चांगली की गेली, अल्टरनेटर चार्ज करतो की नाही, याचे निवाडे त्याच काट्यावर होतात. तो काटाच चुकत असेल तर काय होते, आणि तो चुकतो आहे हे ओळखावे कसे, याविषयी आज लिहीत आहे.

आधी स्वतःचाच अनुभव सांगतो. पावसाळ्याच्या अखेरीस सातपाटीहून मासळी वाहणारा एक टेम्पो आमच्याकडे आला. पहाटे सेल्फ जड फिरतो, दोनदा धक्का मारावा लागला, अशी तक्रार. मी नेहमीप्रमाणे मीटर लावला. काटा ११.८ वर थांबला. टेम्पोचे मालक म्हणाले, "भाई, बॅटरीला दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत, हेडलाइट तर चांगला पांढरा पडतोय. जरा नीट बघा." मी काट्याकडे बोट दाखवले. काटा दिसला की गिऱ्हाईक गप्प बसते, कारण त्याच्याकडे दुसरे माप नसते. नवी बॅटरी बसवली, जुनी बायबॅकच्या ढिगात ठेवली. नवी आहे म्हणून तिच्यावर मीटर लावण्याचे मला सुचलेच नाही.

आठ दिवसांनी टेम्पो परत आला. तक्रार तीच. त्या दिवशी गाडी वेळेवर सुरू झाली नाही, बर्फ वितळला आणि माल पडेल भावाने गेला होता. या वेळी नव्या बॅटरीला मीटर लावला, तर काटा ११.९ च्या किंचित पुढे. आठ दिवसांची बॅटरी जर गेली असेल तर मग चांगली बॅटरी कोणती? शेजारच्या दुकानातला डिजिटल मीटर मागून आणला. त्याने नव्या बॅटरीवर १२.६५ दाखवले. मग ढिगातली जुनी बॅटरी काढली. डिजिटलवर १२.५, आणि हायड्रोमीटर सहाही सेलमध्ये १.२४५ च्या आसपास. बॅटरीत काहीच दोष नव्हता. दोष माझ्या मीटरमध्ये होता.

टेम्पोचे खरे दुखणे अर्थिंगच्या पट्टीत निघाले. खाऱ्या हवेने तिच्या लगखाली हिरवा गंज धरला होता. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह पोलपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत १.४ व्होल्ट पडत होते. तिथे पाव व्होल्टच्या वर पडू नयेत. पट्टी बदलली, दोन्ही टोके घासून ग्रीस लावले, काम संपले. मालकांची जुनी बॅटरी त्यांना परत दिली आणि नव्या बॅटरीचे पैसेही परत केले. आठ दिवस वापरलेली ती बॅटरी पुढे तसे स्पष्ट सांगून कमी दराने विकली. मासळीचे नुकसान मात्र भरून देता आले नाही.

अर्ध्या व्होल्टचा प्रश्न

बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट. गाडी काही तास बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. ११.८ ला ती रिकामी समजावी. एखादा सेल शॉर्ट झाला असेल तर आकडा १०.५ च्या आसपास येतो. इंजिन थोडे रेस करून ठेवल्यावर जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरच्या गाडीत १३.८ ते १४.५ मिळायला हवे. सेल्फ फिरत असताना साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये.

हे आकडे बहुतेक मिस्त्रींना पाठ असतात. परंतु एक गोष्ट लक्षात घेतली जात नाही. पूर्ण आणि निम्मी बॅटरी यांत फरक फक्त ०.४ व्होल्टचा आहे, आणि पूर्ण ते रिकामी हा सगळा प्रवास एका व्होल्टच्या आत संपतो. आता मीटरकडे पाहा. काट्याच्या साध्या मीटरची अचूकता पूर्ण स्केलच्या दोन ते तीन टक्के असते. हे टक्के आपण वाचलेल्या आकड्याचे नसून पूर्ण पट्टीचे असतात. पट्टी ० ते २० व्होल्टची असेल तर तीन टक्के म्हणजे ०.६ व्होल्ट. म्हणजे मीटर अगदी नवाकोरा, कारखान्यातून पास होऊन आलेला असला तरी १२.६ ला तो १२.० किंवा १३.२ दाखवू शकतो आणि तरीही तो नियमाने बरोबरच असतो! मल्टिमीटरवर १० नंतर एकदम ५० ची रेंज असेल तर तीच तीन टक्के दीड व्होल्ट होतात. आणि कोणी आळसाने नॉब २५० वर ठेवून बॅटरी मोजत असेल, तर साडेसात व्होल्टची मोकळीक घेऊन तो निवाडा देत आहे.

म्हणून पहिला नियम हा, की काटा पट्टीच्या वरच्या भागात येईल अशी लहानात लहान रेंज घ्यावी. आणि केवळ काट्याच्या मीटरवर 'बॅटरी पाऊण की निम्मी' असा निर्णय कधीच देऊ नये. काटा कल दाखवण्यासाठी उत्तम आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज कसे झटक्यात खाली जाऊन सावरते, अल्टरनेटर रेसबरोबर कसा उठतो, हे काट्यावर जितके स्पष्ट दिसते तितके आकड्यांवर दिसत नाही. त्यामुळे जुना मीटर भंगारात द्यावा असे मी म्हणणार नाही. त्याची चूक किती हे माहीत हवे, एवढेच.

मीटर चुकतो की गाडी?

आकडा संशयास्पद वाटला तर आधी क्लिपा काढून पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या पोलवर टेकवाव्यात. क्लॅम्पवर नव्हे, बोल्टवर नव्हे, पोलवरच. पोल काळा पडला असेल तर पिनेचे टोक थोडे रुतवावे. पोलवर १२.६ आणि क्लॅम्पवर ११.९ येत असेल तर मीटर ठीक आहे, टर्मिनल खराब आहे. पोलवर १२.६ आणि फ्यूज बॉक्सजवळ ११.८ येत असेल तर मधल्या वायरिंगमध्ये व्होल्टेज पडते आहे. अशा वेळी मीटरला दोष देऊन त्याचा आकडा मनाने दुरुस्त करू नये.

पोलवरच आकडा चुकीचा वाटत असेल, तर मात्र मीटरकडे वळावे. सर्वप्रथम शून्य पाहावे. पिना मोकळ्या असताना काटा बरोबर शून्यावर हवा. नसेल तर काचेखालच्या छोट्या स्क्रूने तो आणावा. मीटर ज्या स्थितीत वापरायचा, आडवा किंवा उभा, त्याच स्थितीत शून्य जुळवावे, कारण आडव्याला जुळवलेला काटा उभ्याला थोडा सरकू शकतो. पट्टीखाली आरसा असेल तर काटा आणि त्याचे प्रतिबिंब एक दिसेल तिथूनच वाचावे. बाजूला उभे राहून वाचले तर दोन-तीन रेघांची चूक सहज होते. कोरड्या फडक्याने प्लास्टिकची काच जोरात पुसली तर स्थिर विजेमुळे काटा मधेच चिकटतो. ओलसर फडक्याला किंचित साबण लावून पुसल्यास तो सुटतो. बोटाने हलकी टिचकी मारल्यावर आकडा बदलत असेल तर आतली बारीक धुरी झिजली किंवा तिच्यात लोखंडाचा कीस गेला आहे असे समजावे. ते घड्याळजीच्या हाताचे काम आहे. आपल्या जाड हातांनी त्याचे केसासारखे स्प्रिंग वाकले की मीटर गेलाच.

वायरींबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. 'वायर जुनी झाली म्हणून अर्धा व्होल्ट कमी दाखवतो' असे आपण सर्रास म्हणतो. हिशोब करून पाहा. २० व्होल्टच्या रेंजला मीटरचा स्वतःचा रोध निदान २० हजार ओहम असतो. वायरीत गंजाने दहा ओहम वाढले तरी फरक दोन हजारांत एक, म्हणजे १२.६ मध्ये शतांश व्होल्टसुद्धा नाही. जुनी वायर आकडा अर्ध्या व्होल्टने घटवत नाही. ती आतून तुटली की आकडा येतो आणि जातो. पिना बॅटरीवर धरून वायर मुळाशी, प्लगजवळ आणि क्लिपजवळ हलवून पाहावी; काटा नाचला तर वायर बदलावी. काटा स्थिरपणे कमीच दाखवत असेल तर वायरींवर पैसे खर्च करू नयेत.

काटा स्थिरपणे कमी दाखवण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आतल्या रेझिस्टन्समध्ये असते. काट्याची मूव्हमेंट १ मिलिअँपची असेल, तर २० व्होल्टला काटा शेवटच्या रेघेवर नेण्यासाठी एकूण २० किलो ओहम लागतात. जुन्या मीटरांत हे काम कार्बनच्या रेझिस्टन्सकडून करून घेतलेले असते. कार्बन वर्षानुवर्षे उष्णता आणि दमट हवा खाऊन चढत जातो. तो चढला की करंट कमी आणि काटा मागे. माझ्या मीटरचा रेझिस्टन्स २१.२ किलो ओहम निघाला, म्हणजे सहा टक्के चढलेला. १२.५ ला सहा टक्क्यांनी खाली आणले की ११.८ येतात. तोच तो आकडा, ज्याने मी चांगली बॅटरी बाद केली. मूव्हमेंटचे लोहचुंबक वयाने कमजोर झाले तरी काटा मागेच राहतो. यास्तव काट्याचा जुना मीटर खोटे बोलू लागला की ते बहुधा खालच्या बाजूचे असते: चांगली बॅटरी तो आजारी ठरवतो. दुकानदाराच्या फायद्याचेच असल्यामुळे ही चूक लवकर लक्षात येत नाही. मीटर जर बाद बॅटरी चांगली दाखवू लागला असता, तर गिऱ्हाइकाने चार दिवसांत येऊन भांडण केले असते.

दुरुस्ती स्वस्तात होते. एक टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टन्स १९.६ किलो ओहमचा घ्यावा आणि त्याच्याशी १ किलो ओहमचा प्रीसेट सिरीजमध्ये जोडावा. मग भरवशाच्या डिजिटल मीटरबरोबर एकाच बॅटरीवर लावून, काटा जुळेपर्यंत प्रीसेट फिरवावा आणि त्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडावा. (मूव्हमेंट वेगळ्या करंटची असेल तर आकडे बदलतील; आधी मूळ रेझिस्टन्सवरचे रंग वाचून घ्यावेत.) हा माल मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर मिळतो.

आपल्या भागातली हवा हा वेगळाच विषय आहे. पश्चिमेला समुद्र, मधे एमआयडीसीतले रसायनांचे आणि कापडाचे कारखाने, आणि चार महिने संततधार. मल्टिमीटरच्या नॉबखाली चांदीचा मुलामा दिलेले संपर्क असतात. गंधकयुक्त हवेने ते काळे पडतात आणि नॉब एका रेंजवर बरोबर, दुसऱ्यावर भलतेच दाखवतो. आधी नॉब दहा-वीस वेळा पूर्ण फिरवून पाहावा. तेवढ्याने आकडा सुधारला तर रोग सापडला. मग मीटर उघडून काळे डाग पेन्सिलीच्या खोडरबराने उतरवावेत आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. पॉलिश पेपर अजिबात नको, एका घासण्यात मुलामा निघून जातो. पेट्रोलही नको. जुन्या उस्तादांकडे सफाईसाठी सीटीसीची बाटली असायची. तो द्राव यकृताला घातक आहे आणि ओझोनच्या थरासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा असा वापर बंद झाला आहे. कुठे कोपऱ्यात बाटली राहिली असेल तर पोरांच्या हाती देऊ नये.

डिजिटल म्हणजे खरेच, असे नाही

आता कोणी म्हणेल, काट्याची कटकट हवी कशाला, डिजिटल घ्यावा. जरूर घ्यावा. साधा डिजिटलसुद्धा १२.६ ला दहाव्या भागाच्या आत बरोबर असतो. पण त्याचा एक ऐब आहे आणि तो काट्याच्या मीटरच्या नेमका उलट आहे. काट्याच्या मल्टिमीटरला डीसी व्होल्ट मोजायला आतला सेल लागतच नाही. तो फक्त ओहमसाठी असतो. डिजिटल मीटर मात्र बाहेरच्या व्होल्टेजची तुलना स्वतःच्या ९ व्होल्टच्या सेलवर उभ्या केलेल्या एका स्थिर व्होल्टेजशी करतो. सेल उतरत गेला की ते स्थिर व्होल्टेजही खाली घसरते, आणि तुलनेत बाहेरचे मोठे दिसू लागते. म्हणून सेल संपत आलेला डिजिटल मीटर जास्त दाखवतो. १२.० ची मरतुकडी बॅटरी १२.६ दिसते. अल्टरनेटर १४.२ देत असताना १५ च्या वर आकडा येतो, आणि चांगला रेग्युलेटर 'ओव्हरचार्ज' म्हणून काढून टाकला जातो. स्क्रीनवर सेलचे चिन्ह दिसू लागले की त्याच दिवशी सेल बदलावा. काही स्वस्त मीटरांत ते चिन्ह येण्याआधीच आकडा बिघडलेला असतो. दोन मीटर जवळ ठेवण्याचा फायदा असा की एक सहसा खाली चुकतो आणि दुसरा वर. दोघे जुळले तर निवाडा पक्का.

इंजिन चालू असताना डिजिटलचे आकडे भराभर उड्या मारू लागले तर वायरी प्लगच्या वायरींपासून दूर कराव्यात, दोन्ही वायरींना एकमेकींभोवती पीळ द्यावा आणि मोजणी कॉइलजवळ न करता बॅटरीच्या पोलवर करावी. तरीही आकडा स्थिर नसेल तर नॉब एसीवर घेऊन पोलवर पाहावे. अर्ध्या व्होल्टहून जास्त एसी दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याचा संभव आहे. ही चाचणी काट्याच्या साध्या मीटरवर करू नये. त्याच्या एसी रेंजला डीसी लावले तर पुष्कळदा एका बाजूने दुपटीहून जास्त आणि पिना उलट केल्या की शून्य दाखवतो.

उलट प्रकारही होतो. डिजिटल मीटर वायरच्या टोकाला पूर्ण १२ दाखवतो आणि दिवा मात्र पेटत नाही. इथे मीटर खोटा नसतो. त्याचा रोध एक कोटी ओहम, त्यामुळे तो जवळजवळ करंट ओढतच नाही, आणि गंजलेल्या जोडातून तेवढे व्होल्टेज बिनबोभाट पोचते. त्या टोकाला २१ वॉटचा ब्रेकचा बल्ब लावून मग मोजावे. खराब जोड असेल तर आकडा लगेच कोसळतो.

दुकानातल्या दुकानात परीक्षा

तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, आणि बोईसरच्या एमआयडीसीत शेकडो कारखाने आहेत. आपल्यातले जे तरुण तिथे इन्स्ट्रुमेंट विभागात कामाला जातात त्यांना माहीत आहे की कारखान्यातल्या मोजमापाच्या उपकरणावर एक छोटी चिठ्ठी असते: कोणत्या तारखेला तपासला, पुढची तपासणी केव्हा. किराणा दुकानाच्या काट्यालाही वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. निरीक्षक येतो, वजने पाहतो. आपल्या गॅरेजच्या व्होल्टमीटरला कोणी विचारायला येत नाही. वास्तविक किलोमागे पन्नास ग्रॅम कमी देणारा जितके नुकसान करतो, त्याच्या कितीतरी पट नुकसान अर्धा व्होल्ट कमी दाखवणारा मीटर एका दिवसात करतो. कुरआन शरीफातील ८३ वी सूरह, अल-मुतफ्फिफीन, मापात कसर करणाऱ्यांविषयी आहे, आणि हजरत शुऐब अलैहिस्सलाम यांनी मदयनच्या लोकांना वजन-मापाविषयीच बजावले होते, हे आपण मशिदीत ऐकतो. तराजू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त धान्याचा तराजू येतो.

परीक्षेसाठी प्रयोगशाळा लागत नाही. पेन्सिल सेलची नवी आठ नगांची जोडी आणावी. नवा सेल साधारण १.५५ ते १.६ व्होल्ट देतो. आठही सेल एकेक करून मीटरच्या लहान रेंजवर मोजून लिहून ठेवावेत. मग चार सेल सिरीजमध्ये जोडून १० च्या रेंजवर मोजावेत, आणि आठही जोडून २० किंवा ५० च्या रेंजवर. प्रत्येक वेळी आकडा सुट्या सेलच्या बेरजेइतका यायला हवा. चार सेलपर्यंत हिशोब जुळतो आणि आठला कमी पडतो, तर वरच्या रेंजचा रेझिस्टन्स बिघडला आहे. सगळ्याच रेंजवर सेल १.४५ सारखे कमी दिसत असतील तर मूव्हमेंटच मंदावली आहे. सात-आठ सेलच्या खर्चात हे कळते, आणि ते सेल नंतर टॉर्चला वापरता येतात. काही जण यासाठी ७८१२ आयसीचे १२ व्होल्ट प्रमाण मानतात, ते चूक आहे. त्या आयसीला ११.५ ते १२.५ इतकी सूट असते. त्यापेक्षा एडी ५८४ आयसीचे छोटे बोर्ड मिळते ते घ्यावे, त्यावर १० व्होल्ट खात्रीचे मिळतात.

दुसरा साक्षीदार प्रत्येक बॅटरीवाल्याकडे असतो, तो म्हणजे हायड्रोमीटर. सेलचे व्होल्टेज हे त्याच्या आम्लाच्या घनतेत ०.८४ ते ०.८५ मिळवल्याइतके असते. हायड्रोमीटर १.२५० दाखवत असेल तर सेल सुमारे २.१०, आणि सहा सेलचे १२.६. मीटर १२.६ ऐवजी १२.० म्हणत असेल तर दोघांपैकी एक चुकतो, आणि काचेची नळी सहसा चुकत नाही. मात्र बॅटरी त्याआधी काही तास चार्जरवरून आणि गाडीतून मोकळी हवी, आणि डिस्टिल वॉटर नुकतेच घातलेले नसावे. चार्जिंगवरून उतरलेली बॅटरी वरवरच्या चार्जमुळे १३ च्या पुढे दाखवते. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटे लावून, बंद करून, थोड्या वेळाने मोजावे. सीलबंद बॅटरीला हा उपाय नाही.

चूक किती ते कळल्यावर मीटर उघडलाच पाहिजे असेही नाही. मीटरच्या पाठीवर कागद चिकटवून त्यावर लिहावे: खरे १०, मीटर अमुक; खरे १२.६, मीटर अमुक; खरे १४.२, मीटर अमुक. खाली तारीख. दर सहा महिन्यांनी आणि पावसाळा संपला की पुन्हा. हा कागद गिऱ्हाइकाला दिसेल अशा ठिकाणी असावा. आमच्याकडे तो आहे. त्यावरून एकदा एका ड्रायव्हरने मलाच विचारले होते, "मिस्त्री, यात ०.३ मिळवले का?" मी मिळवायला विसरलो होतो.

मोठ्या लॉऱ्यांच्या २४ व्होल्टबद्दल थोडक्यात. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, म्हणून एकूण आकड्यावर न जाता दोन्ही वेगळ्या मोजाव्यात. एक १२.७ आणि दुसरी ११.९ असेल तर बेरीज २४.६ येते आणि ती फारशी वाईट दिसत नाही. असा फरक आढळला की आधी ड्रायव्हरला टेपची वायर कुठून घेतली ते विचारावे. गाणी ऐकण्यासाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले असतात आणि तीच बॅटरी रोज जास्त उतरते.

राहिली नवी गाडी. सेन्सरच्या वायरीवर काट्याचा मीटर कधीही लावू नये. ५ व्होल्टची जोडणी १० किलो ओहममधून आलेली असेल आणि मीटर १० व्होल्टच्या रेंजला २० किलो ओहमचा असेल, तर मीटर स्वतःच करंट ओढून ५ चे ३.३ करतो. मग चांगला सेन्सर बाद ठरतो, आणि तो बॅटरीइतकाच महाग असतो. तिथे डिजिटलच हवा. तसेच एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, त्यानंतरच्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरचे चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असली की तो १२.८ वर येतो, ब्रेक मारताना किंवा उतारावर १४.८ पर्यंत चढतो. जुन्या हिशोबाने १२.८ पाहून 'अल्टरनेटर चार्ज करत नाही' असे सांगू नये. आधी हेडलाइट आणि ब्लोअर लावून आकडा वर चढतो का ते पाहावे.

मोबाईलला जोडायचे ओबीडीचे छोटे रीडर आता सर्वांकडे आले आहेत. तेही व्होल्टेज दाखवतात, पण ते सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवरचे असते, बॅटरीच्या पोलवरचे नसते, आणि स्वस्त रीडरमध्ये ते दोन-तीन दशांशांनी सहज चुकते. बहुतेकांत हा आकडा जुळवून घेण्याची सोय असते. आठ सेलवर जुळवलेला मीटर पोलवर लावावा, गाडी बंद असताना रीडरचा आकडा शेजारी पाहावा, आणि त्याचीही एक ओळ त्याच कागदावर लिहून ठेवावी.